मुखपृष्ठावर न आलेलं धरण

२३ नोव्हेंबर १९३६ला अमेरिकेत ‘लाइफ’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर फोर्ट पेक धरणाचे काँक्रीटचे अवाढव्य खांब आणि त्यांच्या पायथ्याशी जेमतेम दिसणारी दोन माणसं. छायाचित्र मार्गारेट बर्क-व्हाइट यांचं. चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचं १९४६ सालचं छायाचित्र टिपणाऱ्या त्या याच. धरणाचं याहून प्रसिद्ध छायाचित्र क्वचितच असेल. पण त्यात धरण नाही. दिसतो तो सांडवा, मुख्य बांधापासून सुमारे तीन मैल दूर.

खरं धरण मातीचं आहे. मोंटाना राज्यात मिसूरी नदीवर घातलेला, सुमारे चार मैल लांब आणि अडीचशे फूट उंच भराव. तो रचला गेला पाण्याच्याच जोरावर. चार ड्रेजर नदीकाठची माती-वाळू उपसून पाण्याबरोबर मोठ्या नळांतून बांधावर सोडत. जड वाळू कडेला बसे, बारीक चिकणमाती मधल्या डबक्यात सावकाश साचे आणि तिचाच पाणी अडवणारा गाभा तयार होई. अशा कामाला डोळ्यात भरणारा आकार नसतो. कॅमेरा सांडव्याकडे वळला, यात नवल नाही.

मंदीत हातांना काम मिळावं, हाही १९३३मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचा हेतू होता. १९३६च्या उन्हाळ्यात इथे दहा हजारांवर माणसं राबत होती. लष्कराच्या अभियंता दलाने त्यांच्यासाठी फोर्ट पेक हे आखीव गाव वसवलं. तिथे न सामावलेल्यांनी माळावर फळ्या ठोकून व्हीलर, न्यू डील अशा वस्त्या उभ्या केल्या. बर्क-व्हाइट यांचं मोठेपण मला दिसतं ते इथे. बांधकाम टिपायला गेलेल्या या बाई शनिवारी रात्री दारूच्या गुत्त्यांत शिरल्या. पैसे घेऊन गिऱ्हाइकांबरोबर नाचणाऱ्या मुली, गुत्त्याच्या लाकडी फळीवर बसवलेलं एक लहान मूल, नळाचं पाणी नसताना लोकांचे कपडे धुऊन देणारी बाई. अंकाच्या आतल्या पानांवर हे सगळं छापून आलं. मुखपृष्ठावरची दोन माणसं खांबांची उंची कळावी म्हणून आहेत. आत मात्र माणसांना चेहरे आहेत, थकवा आहे, हसू आहे. म्हणून हे मुखपृष्ठ सुटं छापलं जातं तेव्हा मला ते अपुरं वाटतं. आतली पानं सोबत हवीतच.

त्या अंकानंतर दोन वर्षांच्या आत, २२ सप्टेंबर १९३८ला, बांधाची जलाशयाकडची बाजू घसरली. आठ कामगार दगावले. त्यांतल्या सहा जणांचे मृतदेह मिळालेच नाहीत. भरावाखालच्या कमकुवत शेल खडकाने भार पेलला नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांच्या समितीने काढला. उतार अधिक सपाट करून काम पुढे चाललं आणि १९४०मध्ये पुरं झालं. पाण्याने भराव घालण्याच्या पद्धतीवरचा अभियंत्यांचा विश्वास मात्र या घटनेने डळमळला. आज मोठ्या मातीच्या धरणांत माती थराथराने पसरून रोलरने दाबतात.

काम संपलं तशा फळ्यांच्या वस्त्या उठल्या. अभियंता दलाचं गाव राहिलं. तिथे १९३४मध्ये कामगारांच्या करमणुकीसाठी एक लाकडी चित्रपटगृह बांधलं होतं, तेही तात्पुरतं म्हणून. त्यात आता दर उन्हाळ्यात नाटकं होतात.