वाफशाची वाट

मंगळवार, २८ मे २०१९. मध्य इंडियाना, अमेरिका.

सकाळी ६ : रात्रीच्या वादळी पावसाने रानात पुन्हा पाणी. मूठभर माती दाबून पाहिली. लांबट वळी झाली, तुटेना. वाफसा नाही. अशात पेरणी यंत्र घातलं की चराच्या बाजू चोपून घट्ट होतात आणि मुळं त्याच चरात कोंडतात.

८ : बियाण्याचं दुकान उघडायच्या आत फोन सुरू. सगळ्यांचं एकच, मक्याचं १११ दिवसांचं वाण परत घ्या, १०० दिवसांचं द्या.

१० : एक जुने गिऱ्हाईक १११ च्या पिशव्या परत करायला आले. कागद पुढे ओढला. मक्याचे दिवस कॅलेंडरवर धावत नाहीत, उष्णतेवर धावतात. कमाल ८० फॅरेनहाइट, किमान ६०. सरासरी ७०, त्यातून ५० वजा, म्हणजे त्या दिवसाची कमाई २० अंश. त्यांच्या वाणाला वेळेवर पेरल्यास साधारण २,७०० लागतात. पण पर्ड्यू आणि ओहायो स्टेट विद्यापीठांच्या चाचण्यांत दिसलंय, की १ मेनंतर पेरणी जेवढे दिवस लांबेल त्यातल्या दर दिवसामागे ही गरज सुमारे ६.८ ने घटते. ३१ मेला पेरलं तर २०४ कमी.

“म्हणजे मकाही घाई करतो?”

“करतो. तुमच्याइतकी नाही.”

हसले, पण पिशव्यांवरचा हात काही काढेनात. खरी भीती गोठवणाऱ्या थंडीपेक्षा गॅसच्या बिलाची. दाण्याच्या बुडाशी काळा थर धरला, म्हणजे पीक पक्व झालं, तरी दाण्यात ३० टक्क्यांवर ओलावा असतो. तो १५ वर आणायला प्रोपेन जाळावा लागतो. शेवटी उंचवट्याच्या रानाला १११ च ठेवलं. पाणथळ तुकडा सर्वांत शेवटी वाफशाला येणार, त्याला १०८.

१ : जेवण. फोन चालूच.

४ : काल सुट्टी, म्हणून कृषी खात्याचा साप्ताहिक पेरणी अहवाल आज. देशात मका ५८ टक्के. पाच वर्षांची सरासरी ९०. इंडियाना २२. दुकानातले सगळे लगेच शिकागोच्या बाजारातला मक्याचा भाव बघायला लागले. भाव चढणार, ज्याची पेरणीच नाही त्याला काय त्याचं!

६ : आता विम्याचे प्रश्न. इथं ५ जूननंतर पेरलं की संरक्षण रोज एक टक्का घटतं. काहीजण रान पडीक ठेवून भरपाई घ्यायच्या विचारात. तो निर्णय विमा एजंटाशी बसून घ्या, म्हटलं; बियाणं विकणाऱ्याचा सल्ला त्यात घेऊ नये.

८ : उद्याची मागणी. १०० दिवसांचं वाण वाढवून मागवलं नाही. १०८ च्या पिशव्या मात्र राखून ठेवल्या.