तीन इंचांचे पाऊल

चीनमध्ये मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की आई किंवा आजी तिचे पाय लांब सुती पट्ट्यांनी आवळायला घेई. अंगठा मोकळा, बाकीची चार बोटे तळव्याखाली दुमडलेली. मधूनमधून पट्ट्या सोडायच्या, पाय धुवायचे आणि पुन्हा आणखी घट्ट बांधायचे. हाडे मोडत, जखमा चिघळत. आदर्श माप तीन चिनी इंच, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर! अशा पावलाला ‘सुवर्णकमळ’ म्हणत.

ही चाल सोंग राजवटीच्या काळात वरच्या वर्गात रुजली. फूचौ इथे १२४३ साली वारलेल्या ह्वांग शंग या तरुणीच्या थडग्यात तिचे पाय पट्ट्यांत बांधलेलेच सापडले. पुढे ही चाल शेतकऱ्यांच्या घरांतही शिरली.

चांगले स्थळ मिळावे म्हणून हे केले जाई, हे नेहमीचे उत्तर. ते अपुरे आहे. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या अभ्यासकांनी खेड्यांतल्या वृद्ध स्त्रियांशी बोलून वेगळा धागा पकडला: पाय बांधलेली पोर एका जागी बसून सूत काती, कापड विणी आणि घराला कमाई देई. ‘शोभेची बाहुली’ म्हणवली जाणारी बाई प्रत्यक्षात राबतच होती. हक्का समाजातल्या स्त्रिया मात्र पाय बांधत नसत. त्या शेतात उतरत.

सतराव्या शतकातली मांचू राज्यकर्त्यांची बंदी बहुसंख्य हान समाजातल्या घरांनी जुमानली नाही. १९०२ मध्ये सम्राज्ञी त्सशीचे फर्मान निघाले, १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने बंदी घातली. तरी आडगावांत ही चाल काही दशके टिकली. मोडलेल्या पावलांना पट्ट्या सोडणेही सोसवत नसे.