ग्लुटेन-फ्री केक: मैदा काढणं सोपं, गहू काढणं अवघड

एपिसोड ऐकताना प्रमाणं लिहून घ्यायची राहिली असतील, किंवा लोकलच्या गर्दीत निम्मं ऐकूच आलं नसेल, तर हे खास तुमच्यासाठी. आजचा विषय आहे ग्लुटेन-फ्री केक आणि सणासुदीचं गोडधोड. बोलले तसंच लिहिलंय, फक्त मधले "अं", "म्हणजे" तेवढे काढून टाकलेत.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. माझ्या ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, सहा वर्षांची असताना तिला सिलिअ‍ॅक असल्याचं कळलं. त्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला केक बाहेरून आला होता. तिने तो कापला, सगळ्यांनी खाल्ला, आणि ती हातात चॉकलेट धरून बघत बसली. मला ते बघवेना. पुढच्या वर्षी मी म्हटलं, "ताई, केक मी करते. ज्वारीचा. एक चिमूट मैदा नाही." केक छान झाला, पोरीने दोन तुकडे खाल्ले. रात्री उलट्या सुरू झाल्या आणि पुढचे दोन दिवस पोट दुखत होतं.

माझ्या रेसिपीत गहू कुठेच नव्हता. मग आला कुठून? गिरणीतून. माझी ज्वारी दळण्याआधी त्याच जात्यावर कुणाचे तरी गहू दळले होते. जात्यात राहिलेलं पीठ माझ्या डब्यात आलं. गिरणीवाल्या काकांची यात काही चूक नाही. मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं, कारण मला स्वतःलाच ते सुचलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले, आणि आजचा सगळा एपिसोड त्याच्यावर आहे. रेसिपीतून मैदा काढणं सोपं आहे. स्वयंपाकघरातून गहू काढणं हे खरं काम आहे.

आधी थोडं विज्ञान

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. पिठात पाणी घालून मळलं की त्यांची चिवट जाळी तयार होते, तेच ग्लुटेन. पोळी लाटताना कणीक ताणली जाते ती या जाळीमुळे, आणि केक फुगल्यावर हवेचे बुडबुडे धरून ठेवते तीही हीच जाळी. बार्ली म्हणजे जव, आणि राय, या धान्यांमध्येही त्याच जातीची प्रथिनं असतात.

सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन वाढत नाही, रक्त कमी होतं, हाडं कच्ची राहतात. गव्हाशी याचा संबंध लावला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता, ब्रेड मिळत नव्हता. त्या काळात आणि त्यानंतर आजारी मुलांच्या तब्येतीत पडलेला फरक पाहून त्याचा गव्हावरचा संशय पक्का झाला. १९५०मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. आजही यावर उपाय एकच आहे: आयुष्यभर ग्लुटेन बंद.

इथे एक महत्त्वाची सूचना. तुम्हाला स्वतःबद्दल शंका असेल, तर तपासणीआधी गहू बंद करू नका. रक्तातली टीटीजी अँटीबॉडीची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींचे निकाल गहू खाणं चालू असतानाच बरोबर येतात. आधी डॉक्टर, मग पथ्य.

"थोडंसं चालतं" हे का चालत नाही

आपल्याकडे कौतुकाने म्हणतात, "एवढ्याशाने काय होतंय? वाढदिवस रोज येतो का?" म्हणून एक हिशोब सांगते. भारतात एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री पदार्थात एका किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. आता मैदा घ्या. त्यात साधारण दहा टक्के प्रथिनं, आणि त्यातलं बहुतेक ग्लुटेन. म्हणजे १ ग्रॅम मैद्यात अंदाजे ७० ते ८० मिलीग्रॅम. एक किलोच्या केकमध्ये अर्धा चमचासुद्धा नाही, नुसता १ ग्रॅम मैदा पडला, तरी आपण मर्यादेच्या तिपटीपुढे गेलो. टिनला तूप लावून आपण सवयीने मैदा भुरभुरवतो ना? तेवढ्यानेच काम होतं. आणि भाजून किंवा तळून ग्लुटेन नष्ट होत नाही.

गहू कुठे कुठे लपतो

रवा, शेवया, दलिया हे सगळं गहूच आहे. पण काही नावं फसवतात.

हिंग: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, डबीवर वाचून घ्या.

मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ: तिन्हींत घरोघरी गहू पडतो.

माल्ट: दुधात घालायच्या पावडरी, काही चॉकलेटं, कॉर्नफ्लेक्स. माल्ट म्हणजे बहुधा बार्ली.

इडली रवा: हा तांदळाचा असतो, पण काही जण साध्या रव्याच्या इडलीचं तयार मिश्रण उचलून आणतात. नाव नाही, घटक वाचा.

केकवरची रंगीत सजावट, वेफर, आइस्क्रीमचा कोन: लेबल वाचल्याशिवाय वापरू नका.

पाकिटावर गहू किंवा ग्लुटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर तसं लिहिणं कंपनीला बंधनकारक आहे. त्या ओळीपर्यंत झूम करून वाचायची सवय लावा.

उपासाचं कपाट उघडा

आता चांगली बातमी. परदेशी व्हिडिओ बघून लोक महागडी पिठं मागवतात, आणि इथे आपल्या घरात उपासाचा डबा भरलेला असतो! राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा, यातल्या कशातच मुळात ग्लुटेन नाही. शिवाय तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी आहेतच. फक्त "उपासाचं" म्हणजे "ग्लुटेन-फ्री" असं समजू नका. दुकानात सुट्ट्या पिठाला तोच चमचा, तोच तराजू असतो. ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीट घ्या. नाहीतर धान्य आणा, निवडा, धुवा, वाळवा आणि घरी मिक्सरमध्ये दळून बारीक चाळणीने चाळा. ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, मी स्वतः वेचलेत. घरघंटी असेल आणि तिच्यात कधी गहू दळला असेल, तर तीही बाद.

चाळणी, लाकडी चमचा आणि पोळपाट या तीन गोष्टी कितीही धुतल्या तरी भरवशाच्या नाहीत. त्या वेगळ्याच ठेवा. मी चाळणीला लाल दोरा बांधलाय. आणि ज्या दिवशी केक, त्या दिवशी आधी केक, नंतर पोळ्या. कणकेचं पीठ हवेत उडून ओट्यावर बसतं.

चॉकलेट केक, सहा इंची दोन टिनसाठी

कप-वाटी नको, वजनकाटा घ्या. ही पिठं वाटीत दाबून भरली की प्रमाण चुकतं.

ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, तांदळाचं अगदी बारीक पीठ ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोर ४० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, साध्या इसबगोलाची मिक्सरमध्ये केलेली पूड १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ. दही १५० ग्रॅम, तेल १०० मिली, कोमट पाणी १०० मिली. अंडी २, पिठीसाखर १८० ग्रॅम. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा.

पहिली पायरी: पिठं, कोको, इसबगोल, मीठ एकत्र चाळा. त्यात दही, तेल, पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. ही पायरी गाळू नका. तांदूळ आणि ज्वारी पाणी हळूहळू पितात. भिजायला वेळ दिला नाही तर केक दाताखाली वाळूसारखा लागतो. इसबगोलही या वेळात फुगतो आणि ग्लुटेनच्या जाळीचं थोडं काम करतो. सोडा आणि बेकिंग पावडर आत्ता घालायची नाही, नाहीतर त्यातला वायू वाट बघण्यातच निघून जाईल.

दुसरी पायरी: ओव्हन १७० डिग्रीला तापत ठेवा. अंडी आणि साखर पाच मिनिटं फेटा, रंग फिकट आणि मिश्रण फेसाळ झालं पाहिजे. इथे हवा धरून ठेवायला ग्लुटेन नाही, ते काम अंड्याचं आहे.

तिसरी पायरी: भिजलेल्या मिश्रणावर बेकिंग पावडर आणि सोडा चाळून घाला, ढवळा, मग अंड्याचा फेस हलक्या हाताने मिसळा. टिनला तूप आणि तळाला बटर पेपर. मैदा भुरभुरवायचा नाही, हे आता सांगायला नको! ३० ते ३५ मिनिटं भाजा, सुरी घालून बघा.

एक मोठा टिन का नको? कारण हे मिश्रण कडेने शिजतं आणि मधे कच्चं राहून बसतं. दोन छोटे टिन घेतले की दोन थरही आपोआप मिळतात. गरम केक हात लावताच मोडतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं टिनमध्येच राहू द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच आयसिंग करा. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १२० मिली गरम क्रीमचं गनाश पुरतं. केक फ्रिजमध्ये ठेवला असेल तर कापण्याआधी तासभर बाहेर काढा. थंडीत तांदळाचा स्टार्च कडक होतो.

अंडं चालत नसेल तर

अंड्याशिवाय ग्लुटेन-फ्री स्पंज जमवणं कठीण आहे, खोटं कशाला सांगू. पण कोकणाने हा प्रश्न कधीच सोडवलाय: सांदण! फणसाच्या रसात तांदळाच्या कण्या घालून उकडलेला हा केकच आहे की. फणस नसेल तर आमरस घ्या. तांदळाचा रवा २ वाट्या, किंचित तुपावर परतून. आमरस २ वाट्या, नारळाचं दूध १ वाटी, गूळ पाऊण वाटी, वेलची, मीठ. पाऊण तास भिजवा, अर्धा छोटा चमचा सोडा घाला आणि गोल डब्यात २० ते २५ मिनिटं वाफवा. वर खोबरं आणि आंब्याच्या फोडी. मेणबत्ती यावरही उभी राहते.

सणांचंही तसंच आहे. उकडीचे मोदक, पातोळ्या, खांडवी, अनारसे, हे सगळं तांदळाचं. बेसनाचे लाडू चालतात, फक्त कुणी खुसखुशीत व्हावे म्हणून रवा घातला नाही ना, ते विचारा. आणि दिवाळीत तळणीचा क्रम लावा: ताज्या तुपात आधी अनारसे, मग शंकरपाळी आणि करंज्या. उलटं केलंत तर मैदा तुपात उतरतो आणि अनारसे बाद.

कापण्याची वेळ

शेवटची चूक इथे होते. केक बरोबर झालेला असतो, पण सुरी समोशाच्या ताटातून उचललेली असते. म्हणून वेगळी सुरी, वेगळी प्लेट, आणि पहिला तुकडा पथ्यवाल्या माणसाचा. आणि कृपा करून दोन केक आणू नका, "हा तिचा आणि हा आपला." एकच करा, सगळ्यांना पुरेल एवढा. वेगळा केक दिला की आपण त्या माणसाला पुन्हा एकटंच बसवतो.

तिसऱ्या वर्षी भाचीने विचारलं, "मावशी, पीठ कुठे दळलंस?" नऊ वर्षांच्या पोरीला हा प्रश्न विचारावा लागतो. मी म्हटलं, "घरी. मिक्सरमध्ये. चाळणी लाल दोऱ्याची." तिने मान डोलावली, केक कापला, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी खाल्ला. दुसऱ्या दिवशी शाळेतही गेली.

तर मंडळी, ज्याच्या घरी असं पथ्य आहे त्याला हा एपिसोड पाठवा. पण त्याहून जास्त, ज्याच्या घरी असा पाहुणा येणार आहे त्याला पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत लेबल वाचा, आणि चाळणीला दोरा बांधा!