काजळीच्या आत काय आहे, हे कळतं कसं?

मंडळी, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं अनुमानाचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आपण पुढचा प्रश्न विचारू. चूल समोर आहे, धूरही आहे; पण कुडावर बसलेल्या काजळीची रचना कशी आहे?

काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन; लाकडाच्या धुरात डांबरी द्रव्यंही असतात. तिचे मूळ कण साधारण 20 ते 50 नॅनोमीटरचे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. कणात कार्बनचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे असतात.

हाच कार्बन वेगळ्या रीतीने जमवता येतो. आयआयटी मुंबईत कापरापासून कार्बनच्या नॅनोनळ्या करण्यावर संशोधन झालं आहे. कापराची वाफ तापत्या भट्टीत लोखंडासारख्या धातूच्या बारीक कणांवरून न्यायची. धातू इथे उत्प्रेरक. त्याच्यावर कार्बन सुटा होतो आणि नळी वाढते. नळीची जाडी बरीचशी त्या कणाच्या आकारावर ठरते. म्हणून आधी उत्प्रेरकाचा थर तपासायचा, मग नळ्या.

तपासायचं कशानं? दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच 400 ते 700 नॅनोमीटर. साधा सूक्ष्मदर्शक इथे अपुरा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नळी पोकळ आहे का ते दाखवतो. 1991 साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी अशाच चित्रांवरून नळ्यांचं वर्णन केलं. पण त्यात मोजकेच कण दिसतात, बरं का! क्ष-किरण असंख्य कणांची सरासरी सांगतात. ग्राफाइटमध्ये थरांतलं अंतर 0.335 नॅनोमीटर, बहुभिंती नळ्यांत किंचित जास्त. स्फटिक जितका लहान तितकं क्ष-किरणांचं शिखर रुंद. हे सूत्र शेररने 1918 साली मांडलं. तिसरी साक्ष रामन वर्णपटाची. त्यात 1580च्या आसपासची रेषा सुबक रचनेची, 1350च्या आसपासची दोषांची.

म्हणजे काय, तर एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही. सुंदर चित्र सापडलं म्हणून सगळा नमुना तसाच, हे अनुमान कच्चं.

आता हे पाड्यावरच्या बाईला कशाला? द्रव्य एकच असलं तरी आकार आणि रचना बदलली की गुण बदलतो. भिंतीवरची काजळी दिसते. पण हवेत तरंगणारे बारीक कण दिसत नाहीत आणि तेच फुफ्फुसात खोलवर पोचतात. घरात धूर दिसत नाही, एवढ्यावरून हवा स्वच्छ आहे असं आपल्याला म्हणता येणार नाही. तेही मोजूनच ठरवावं लागतं.