पाळणाघर : राबणाऱ्या मातेची निकड

मुंबईच्या उपनगरांतील मरोळ हे एके काळी शेतीचे गाव होते. आज तेथे औद्योगिक वसाहत व उंच इमारती आहेत. अशा बांधकामांवर खेड्यांतून आलेल्या स्त्रिया घमेली वाहतात. तान्हे मूल वाळूच्या ढिगाजवळ निजविलेले असते व सात-आठ वर्षांची बहीण त्याची राखण करते. हे दृश्य गावाकडूनच शहरात आले आहे. भाताच्या लावणीत आई चिखलात वाकलेली असते, मूल बांधावर झोळीत असते आणि थोरल्या मुलीची शाळा बुडते.

कायद्याची मर्यादा

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराचे बंधन घातले. १९७६ मध्ये ही संख्या ३० वर आणण्यात आली. परंतु एका शेतकऱ्याच्या लावणीला आठ-दहा बायाच असतात. तेथे असे बंधन कोणावरच पडत नाही आणि लहान शेतकऱ्याला एकट्याने हा खर्च झेपत नाही. म्हणून शेतमजूर मातांच्या पाळणाघराचा भार सार्वजनिक निधीनेच उचलणे प्राप्त आहे.

कोसबाडचा धडा

याची वाट ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) दोन गावांनी दाखविली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या. धाकटे भावंड पाळण्यात निजले की थोरली बहीण निश्चिंतपणे पाटी घेऊन बसे.

शासनाची मदत

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यांत मुंबईची धारावी व मेळघाटातील धारणी यांचा समावेश होता. अंगणवाडीमुळे आहार व लसीकरण गावोगाव पोहोचले. तथापि अंगणवाडी काही तासच भरते आणि मातेचे काम मात्र दिवसभर चालते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२२ मध्ये ‘पाळणा’ योजना आली. तीत सहा महिने ते सहा वर्षे वयाची २५ पर्यंत मुले, एक सेविका व एक मदतनीस, महिन्यास २६ दिवस व रोज साडेसात तास अशी व्यवस्था आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा असतो.

गावाने काय करावे

निधी असला तरी मागणी गावातूनच यावी लागते. लावणीपूर्वी महिला मंडळाने कामावर जाणाऱ्या माता व त्यांची सहा वर्षांखालील मुले यांची यादी करावी. ती ग्रामसभेत मांडून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे मागणी करावी. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. तिचाही विचार व्हावा. जागा कोरडी, पाण्याची सोय असलेली व शिवाराजवळ असावी, म्हणजे मातेला मधल्या सुटीत मुलास पाजता येईल.

बियाण्याची उगवण तपासून पेरणारा शेतकरी रोपाची निगा जाणतो. घरच्या व मजुराच्या लेकरालाही तीच निगा मिळाली पाहिजे.