कुत्रें आणि कच्चें हाड

कुत्र्यापुढें हाड टाकणें ही गोष्ट आपल्याकडे इतकी स्वाभाविक मानली जाते कीं, तींत विचार करण्यासारखें कांहीं असेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनास शिवत नाहीं. परंतु ज्या हाडानें कुत्र्याचे दांत स्वच्छ राहतात, तेंच हाड शिजवून दिलें असतां त्याचें आंतडें फाटूं शकतें. आणि जनावर कापल्यावर हाडांबरोबर जें कांहीं बाहेर फेकलें जातें, त्यापासून घरांतील मुलालाही रोग जडूं शकतो. हा भेद कशांत आहे तें जव्हार व मोखाडा या डोंगरी तालुक्यांच्या निमित्तानें आज सांगावयाचें आहे.

२०१४ सालीं पालघर जिल्हा निर्माण झाला, तेव्हां हे दोन्ही तालुके ठाणें जिल्ह्यांतून त्यांत आले. येथील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांच्या पाड्यांवर कुत्रें हें शोभेचें जनावर नसून घरचा राखणदार आहे. शेळ्याकोंबड्या राखणें, शेतांत शिरलेलीं रानडुकरें हाकणें, बिबट्याची चाहूल देणें हीं त्याचीं कामें. त्याचें अन्न म्हणजे नागलीच्या भाकरीचा तुकडा आणि भाताची पेज. शंभर ग्रॅम नागलींत सुमारें ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें; तांदुळांत किंवा गव्हांत तें याच्या जवळपासही नसतें. मांस शिजतें तें वाघबारशीला, बोहाड्याच्या दिवसांत किंवा पाहुणे आल्यावर. आणि कुत्र्याच्या वांट्याला येतें तें रश्शांत शिजून निघालेलें हाड. शहरांत प्रकार नेमका उलटा आहे. तेथील हौशी गृहस्थ आपल्या कुत्र्याला हाडाशिवाय नुसतें मऊ मांस घालतात. दोन्ही प्रकार सदोष आहेत.

हाड हें केवळ चुन्याचें बनलेलें नसतें. त्यांतील खनिज द्रव्य कोलॅजन नांवाच्या चिवट तंतूंनीं बांधलेलें असतें, व त्यामुळें कच्चें हाड किंचित् लवतें आणि चुरडलें जातें. उकळल्यानें वा भाजल्यानें हे तंतू विरघळतात किंवा सुकतात. मग हाड ठिसूळ होऊन त्याच्या सुईसारख्या ढलप्या निघतात. शिजलेल्या कोंबडीच्या तंगडीचें हाड या दृष्टीनें फार वाईट. उलट, नुसत्या मांसांत फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अत्यल्प असतें. त्यावरच वाढविलेल्या पिलाचीं हाडें मऊ पडून सहज मोडतात. मांसासह कच्चें हाड ही उणीव भरून काढतें आणि तें कुरतडतांना दाढांवरचें कीटणही निघतें.

याच कारणास्तव ऑस्ट्रेलियांतील इयान बिलिंगहर्स्ट यांनीं १९९३ सालीं व टॉम लॉन्सडेल यांनीं २००१ सालीं ग्रंथ लिहून कच्च्या समांस हाडांचा पुरस्कार केला. हे दोघेही पशुवैद्यच. तथापि अमेरिकेच्या पशुवैद्यक संघानें २०१२ सालीं कच्चें मांस घालूं नये असेंच मत दिलें. कच्च्या मांसांतील सॅल्मोनेलासारखे जंतू कुत्र्यास न बाधतांही घरच्या माणसांस बाधूं शकतात, हें त्याचें मुख्य कारण. गोठवून ठेवल्यानें हे जंतू खात्रीनें मरत नाहींत. तेव्हां ज्या घरांत तान्हें मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध किंवा दुर्बळ रोगी असेल, तेथें हा प्रयोग न करणेंच शहाणपणाचें.

ज्यांना हाड द्यावयाचेंच आहे त्यांनीं कांहीं नियम पाळावे. हाड खाटकाकडून त्याच दिवशीं आणलेलें, मांस लागलेलें व कच्चें असावें. तें एका घासांत गिळतां येणार नाहीं इतकें मोठें असावें. बोकडाची मान किंवा अखंड बरगडी मध्यम कुत्र्यास चालते. कोंबडीची मान लहान कुत्र्यास चालते, पण मोठें कुत्रें ती न चावतांच गिळतें. रेड्याच्या पायाचें नळीचें हाड देऊं नये, कारण त्यावर दाढ फुटते. नळीचीं करवतलेलीं कडीं तर मुळींच नकोत. तीं खालच्या जबड्यांत अडकून बसतात. कुत्रें फार भुकेलें असतां हाड देऊं नये; दोन कुत्र्यांना एके ठिकाणीं देऊं नये; आणि तें खात असतां मोठ्या माणसानें जवळ असावें. हाड हिसकावून घेऊं नये. दुसरा घास दाखवून सोडवावें. हाडांचा अतिरेक झाल्यास विष्ठा पांढरी व खडूसारखी टणक होते. तेव्हां प्रमाण कमी करावें. शेवटीं जागा, भांडीं व हात साबणानें धुवावे.

आतां पाड्यांवर विशेष सांगण्यासारखी गोष्ट. घरींच शेळी किंवा बोकड कापल्यावर काळजांत वा फुप्फुसांत पाण्यानें भरलेले फोड दिसले, तर तो भाग लोक सहज कुत्र्यापुढें फेकतात. हे फोड एका सूक्ष्म पट्टकृमीचे असूं शकतात. ते खाल्ल्यावर कुत्र्याच्या आंतड्यांत कांहीं मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात, त्यांचीं अंडीं विष्ठेंतून अंगणांत येतात, आणि तेथें खेळणाऱ्या मुलाच्या हातांवाटे पोटांत जातात. मग मुलाच्या यकृतांत तसाच फोड वर्षानुवर्षें गुपचूप वाढत राहतो. कुत्रें दिसावयास मात्र निरोगीच असतें! म्हणून असा भाग खोल पुरावा, किंवा निदान अर्धा तास खळखळा उकळावा. आणि कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठराविक काळानें जंताचें औषध द्यावें.

हाड खाल्ल्यावर कुत्र्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागली, तें पंजानें तोंड ओरबाडूं लागलें, पुनःपुन्हां उमासे आले, पोट फुगलें किंवा विष्ठेंत रक्त दिसलें, तर तूपभाकरी चारून वाट पाहत बसूं नये. घशांत काठीही घालूं नये. जव्हारहून नाशिक सुमारें ऐंशी किलोमीटर आहे. शस्त्रक्रियेसाठीं तेवढें जाण्याची वेळ आल्यास एकेक तास मोलाचा ठरतो. हाडावरून कुत्र्यानें माणसास चावा घेतला, तर जखम पंधरा मिनिटें साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवून त्याच दिवशीं लस सुरू करावी. पिसाळरोग एकदां प्रकट झाला कीं त्यावर जवळजवळ इलाज नाहीं.

शेवटीं एक गोष्ट विसरतां कामा नये. याच जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी हीं नांवें १९९२ सालच्या बालमृत्यूंमुळें महाराष्ट्रभर ऐकूं आलीं. अशा प्रदेशांत मांसाचा पहिला घास मुलाचा. कुत्र्यास आपल्या तोंडचें मांस द्या असें कोणासही सांगणें योग्य होणार नाहीं. आणि तशी गरजही नाहीं. कच्च्या हाडावांचून कुत्रें उत्तम जगतें. नागलीची भाकरी, थोडें ताक, मिळेल तेव्हां एखादें अंडें, एवढ्यावरही राखणदाराची काठी सुटत नाहीं. शिजलेलें हाड मात्र रश्शाबरोबर बाहेर न फेकतां पुरून टाकावें. एवढें केलें तरी पुष्कळ झालें.