तीन वाहिन्यांचा रविवार

१९७८ सालचा जानेवारी महिना धरू. इंग्लंडच्या मध्यभागातलं लेस्टर शहर, सकाळची वेळ, बाहेर थंडी मी म्हणतेय. १९५० च्या कायद्यानं रविवारी बहुतेक दुकानांना टाळं असतं. वर्तमानपत्र, दूध, सिगारेट मिळेल, बाकी सगळं सोमवारी. पब बाराला उघडून दोनला मिटणार आणि मग थेट संध्याकाळी सातला उघडणार. फुटबॉलचे लीग सामने काल शनिवारीच उरकलेत. म्हणजे म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत आख्खं घर आज घरातच. ब्रिटिश टेलिव्हिजनचा रविवार कसा बेतला जायचा हे समजून घ्यायचं तर सुरुवात स्टुडिओपासून करून चालत नाही, बंद दुकानापासून करावी लागते.

घरातला टीव्ही बऱ्याचदा भाड्याचा असायचा. रंगीत संच महाग आणि दुरुस्तीही महाग, त्यामुळे महिन्याला ठरावीक रक्कम भरून तो आणायचा आणि बिघडला की कंपनीचा माणूस येऊन बघायचा. काही संचांच्या मागे नाण्यांची पेटी असे. नाणं टाकलं की काही तास चित्र दिसायचं आणि पैसे संपले की ऐन रंगात आलेला प्रसंग अर्ध्यावर अंधारात जायचा! शिवाय वर्षाचा परवाना वेगळा, १९७८ च्या सुरुवातीला कृष्णधवल संचासाठी ९ पौंड आणि रंगीतसाठी २१. वाहिन्या तीनच. बीबीसी वन आणि बीबीसी टू या परवान्याच्या पैशावर चालत, आयटीव्ही जाहिरातींवर. कार्यक्रमपत्रिकासुद्धा दोन विकत घ्याव्या लागत, कारण ‘रेडिओ टाइम्स’मध्ये फक्त बीबीसीचे कार्यक्रम छापले जात आणि ‘टीव्ही टाइम्स’मध्ये फक्त आयटीव्हीचे. ही वाटणी १९९१ पर्यंत टिकली.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण तिच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. रिमोट फार थोड्या घरांत होता. वाहिनी बदलायची तर खुर्चीतून उठून बटण दाबायला जावं लागे. एकदा लावलेली वाहिनी माणसं सहसा बदलत नाहीत, हे कार्यक्रमांची मांडणी करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या उठण्याच्या कंटाळ्यावर त्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळी उभ्या केल्या.

सकाळचा वेळ ज्यांना दुसरीकडे कुठे जागा नव्हती त्यांच्यासाठी. ३ जानेवारी १९७१ ला, रविवारीच, मुक्त विद्यापीठाचे दूरचित्रवाणीवरचे पाठ सुरू झाले. कारखान्यात आठवडाभर राबलेला माणूस सकाळी लवकर उठून फळ्यापुढच्या प्राध्यापकाकडून गणित शिकायचा आणि पुढे खरोखरीची पदवी घ्यायचा. हे पाठ सुरुवातीची दहा वर्षं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या स्टुडिओंत तयार होत. बीबीसीनं १९३६ साली आपलं नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू केलं, तीच ही वास्तू.

आणि लेस्टरच्या आपल्या घरात त्या वेळी काय लागलेलं असेल? बीबीसी वनवरचा ‘नई जिंदगी नया जीवन’. १९६५ साली बीबीसीनं भारत-पाकिस्तानातून आलेल्यांसाठी बर्मिंगहॅमला खास विभाग काढला आणि ‘अपना ही घर समझिए’ या नावानं सुरुवात केली. १९६८ पासून ‘नई जिंदगी’ आला आणि १९८२ पर्यंत चालला. महेंद्र कौल हा त्याचा ओळखीचा चेहरा. भाषा हिंदी-उर्दूच्या मधली, बोलण्यातली. पंजाबी, गुजराती, मराठी कुणालाही समजेल अशी. बातम्या, मुलाखती, कामाच्या सूचना आणि शेवटी गाणं. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललं, त्यातले हजारो लोक याच लेस्टरला येऊन राहिले. आठवडाभर परक्या भाषेत मान खाली घालून काम केल्यावर रविवारी सकाळी आपल्यासारखा माणूस पडद्यावरून आपल्या बोलीत नमस्कार करतो, याचं मोल मला फार मोठं वाटतं. वेळ आडनिडी होती, हे खरंच. पण त्या घरांनी ती आपली मानली.

दुपारकडे घड्याळ झुकलं की सूत्रं स्वयंपाकघराकडे. रविवारचं जेवण म्हणजे भट्टीत भाजलेला मांसाचा मोठा तुकडा, बटाटे, वर रस्सा. ते एक-दीडच्या सुमाराला होणार, तोवर बाई भट्टीशी आणि पुरुष पबात. या वेळेला मोठा कार्यक्रम खर्ची घालण्यात अर्थ नाही. म्हणून बीबीसी वनवर शेतकऱ्यांसाठी ‘फार्मिंग’, तोही बर्मिंगहॅमचाच, १९५७ पासून चालत आलेला. आयटीव्हीवर ‘वीकेंड वर्ल्ड’, राजकारणाची सावकाश, खोलात जाणारी चिरफाड.

जेवणानंतर आयटीव्हीवर फुटबॉल. लंडनमध्ये ‘द बिग मॅच’, निवेदक ब्रायन मूर. सामने कालचेच, पण निवडक भाग कापून जोडलेले. लीगचे सामने थेट दाखवायला क्लबांची तयारी नव्हती. घरबसल्या बघायला मिळालं तर तिकीट कोण काढणार, ही भीती. १९८३ पर्यंत ती टिकली.

उन्हाळ्यात मात्र दुपार बीबीसी टूची. १९६९ साली जॉन प्लेयर लीग सुरू झाली, काउंटी संघांची, प्रत्येकी ४० षटकांची. दुपारी दोनला चेंडू पडायचा आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागायचा. सामना वेळेत बसावा म्हणून गोलंदाजाला जास्तीत जास्त आठ षटकं आणि धावत यायला पंधरा यार्डांची मर्यादा. भल्याभल्या वेगवान गोलंदाजांना आपली लांबलचक धाव अर्ध्यावर कापावी लागली. पहिली दोन्ही वर्षं, १९६९ आणि १९७०, ही लीग लँकेशायरनं जिंकली आणि त्यांचा यष्टिरक्षक होता आपला मुंबईकर फारुख इंजिनीअर. मर्यादित षटकांच्या क्रिकेटची जी चटक पुढे सगळ्या जगाला लागली, तिची सवय ब्रिटिश घरांना या रविवारच्या दुपारींनी लावली.

आता दिवसाचा सगळ्यात चमत्कारिक तास. संध्याकाळी साधारण सव्वासहा ते सव्वासात-साडेसात. या वेळात बीबीसी वन आणि आयटीव्ही, दोन्हीकडे फक्त धार्मिक कार्यक्रम.

यामागचं गणित असं. चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना बहुतेक ठिकाणी साडेसहाला असे. टीव्ही आला तेव्हा धर्मगुरूंना धास्ती वाटली की लोक प्रार्थना सोडून पडद्यापुढे बसतील. म्हणून पन्नाशीच्या दशकातच असं ठरलं, की त्या तासात करमणूक नको. पण अट एकाच वाहिनीला लावली तर दुसरी सगळे प्रेक्षक पळवणार. मग दोघांचेही हात एकदम बांधले. सरकारनं प्रक्षेपणाच्या तासांवरची बंधनं १९७२ मध्ये उठवली, तरी हा समझोता पुढेही चालू राहिला, कारण तो दोघांच्याही सोयीचा होता. कुणीच जिंकत नाही, त्यामुळे कुणी हरतही नाही.

मौज अशी, की सक्तीच्या या तासातूनच दोन्हीकडे लोकांचे आवडते कार्यक्रम निघाले. बीबीसीचा ‘साँग्ज ऑफ प्रेझ’ १ ऑक्टोबर १९६१ ला कार्डिफच्या एका बॅप्टिस्ट चर्चमधून सुरू झाला. त्याच वर्षी वेल्श भाषेतला तसाच कार्यक्रम आधी आला होता. कल्पना साधी: प्रवचन नाही, गावातली माणसं जमून भजनं म्हणतात, ती दाखवायची. शनिवारच्या खेळांसाठी लागणाऱ्या ओबी व्हॅन, कॅमेरे, केबली इथेही कामी येत. कॅमेरा देवापेक्षा गाणाऱ्यांवर जास्त रेंगाळायचा. कुणी टोपी नीट करतंय, कुणी शब्द चुकून ओशाळतंय, कुणी डोळे मिटून गातंय. भजनी मंडळ ज्यानं जवळून पाहिलंय त्याला ही गोडी वेगळी सांगायला नको. आयटीव्हीच्या ‘स्टार्स ऑन संडे’मध्ये नावाजलेले गायक-नट भक्तिगीतं आणि बायबलमधले उतारे सादर करत, आणि त्याला एक कोटीहून जास्त प्रेक्षक असत. चर्चच्या बाकांवर तेवढे नक्कीच नसत.

धार्मिक तास संपला की दोन्ही वाहिन्यांनी रोखून धरलेला श्वास सुटायचा. सातच्या पुढे घर भरलेलं, जेवण हलकं, पोरांच्या आंघोळी झालेल्या, उद्या शाळा. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बघावं असं काहीतरी हवं, आणि ते म्हणजे जुन्या काळातली लांब मालिका. याचा धडा बीबीसीला १९६८ च्या सप्टेंबरात मिळाला. ‘द फॉरसाइट सागा’ ही २६ भागांची कृष्णधवल मालिका आदल्या वर्षी बीबीसी टूवर होऊन गेली होती. ती रविवारी रात्री बीबीसी वनवर पुन्हा लावली, आणि शेवटच्या भागाला सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोक बसले. काही ठिकाणी पाद्र्यांनी प्रार्थनेची वेळ बदलली. ‘रामायण’ लागलं की ओस पडणारे आपले रस्ते ज्यांनी १९८७ मध्ये पाहिले त्यांना याची कल्पना करता येईल. पुढे आयटीव्हीनं ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ आणली, बीबीसीनं ‘पोल्डार्क’. आणि आपल्या त्या १९७८ च्या जानेवारीत, ८ तारखेच्या रविवारी, ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ सुरू झाली. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या गुरांच्या डॉक्टरांची गोष्ट.

ही मालिका आज पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. डॉक्टर रानात गायीपाशी असतो तेव्हा चित्र मऊ, जरा दाणेदार दिसतं. तो दार उघडून घरात येतो आणि चित्र एकदम लख्ख, सपाट होतं. बाहेरचं चित्रीकरण फिल्मवर, आतलं स्टुडिओत व्हिडिओ टेपवर, म्हणून हा फरक. उंबऱ्यावर चित्राची जातच बदलते. प्रेक्षकांच्या डोळ्यांना त्याची इतकी सवय होती, की कुणाला खटकत नसे. आणि ते ‘आतलं घर’ होतं बर्मिंगहॅमच्या पेबल मिल स्टुडिओत. महेंद्र कौलांचा कार्यक्रमही बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्राचाच. लेस्टरच्या त्या घरात सकाळचा नमस्कार आणि रात्रीची गोष्ट, दोन्ही एकाच शहरातून येत होती.

एवढी माणसं एका वेळी उठतात तेव्हा काय होतं, हे वीजमंडळाच्या अभियंत्यांना विचारावं. कार्यक्रम संपला की चहा. इलेक्ट्रिक किटली साधारण अडीच किलोवॅट खाते. दहा लाख घरांत ती एकाच मिनिटाला लागली तर अडीच हजार मेगावॅटची मागणी अचानक उभी राहते. म्हणून नियंत्रण कक्षात टीव्हीच्या कार्यक्रमपत्रिका समोर ठेवलेल्या असत. वेल्समधल्या फेस्टिनिओगच्या उदंचन केंद्रात रात्री स्वस्त विजेनं पाणी वरच्या तळ्यात चढवून ठेवायचं आणि मालिकेची शेवटची नामावली सरकू लागली की ते खाली सोडायचं. मिनिटभरात वीज तयार. ११ नोव्हेंबर १९७९ च्या रविवारी ‘टू द मॅनर बॉर्न’ या विनोदी मालिकेचा पहिला हंगाम संपला, तो पाहायला दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास माणसं बसली होती. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेपाच कोटींच्या थोडी वर. त्या रात्री किती किटल्या लागल्या असतील!

दोन कार्यक्रमांच्या मध्ये बीबीसी वनवर फिरणारा पृथ्वीगोल दिसायचा. तो खराखुरा होता. मोटरवर फिरणारा छोटा गोल, त्यामागे अंतर्गोल आरसा, त्यामुळे पृथ्वीची मागची बाजूही दिसे. समोर कृष्णधवल कॅमेरा, आणि निळा-पिवळा रंग नंतर विद्युत मंडलातून भरलेला. निवेदक त्याच वेळी खोलीत बसून थेट बोलत असे.

रात्री उशिरा त्यानंच निरोप घ्यायचा. उद्याचं हवामान, शुभरात्री, मग राष्ट्रगीत. पडदा काळा. काही क्षण शांतता आणि मग एक लांब, कर्कश सूर. खुर्चीतच डोळा लागलेल्याला जागं करायला, की संच चालू राहिलाय, ऊठ आणि बंद कर. जुन्या संचावर बटण दाबलं की चित्र आक्रसत मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा. तो विझेपर्यंत पोरं खोलीच्या दारात उभी राहून बघायची.